स्क्रूचा कारखानदार महापौर झाला आणि अडीच वर्षांत त्यानं बर्मिंगहॅमचं रूपडं पालटलं

आठवड्यातून फक्त तीन दिवस नळाला पाणी. रस्ता बुजवला की दुसरी कंपनी येऊन पुन्हा खोदणार. गटाराचं पाणी झिरपून विहिरीत उतरणार आणि लोक तेच पिणार. नगरसेवकांचा एकच हट्ट, काहीही झालं तरी कर वाढता कामा नये.

वाचून आपल्याच एखाद्या शहराची आठवण झाली ना? पण ही गोष्ट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची आहे आणि काळ आहे १८७० च्या आसपासचा.

या गावाला १८७३ मध्ये एक महापौर मिळाला. तो पदावर राहिला जेमतेम अडीच वर्षं. पण तेवढ्या काळात त्यानं गॅस ताब्यात घेतला, पाणी ताब्यात घेतलं, गावाच्या मधोमध असलेली झोपडपट्टी पाडायला घेतली आणि महापालिका नेमकी कशासाठी असते, याचं उत्तरच बदलून टाकलं.

त्याचं नाव जोसेफ चेंबरलेन.

चेंबरलेन म्हटलं की बहुतेकांना १९३८ चा म्युनिक करार आणि हिटलरशी वाटाघाटी करणारे ब्रिटिश पंतप्रधान आठवतात. ते नेव्हिल चेंबरलेन, म्हणजे या जोसेफचा धाकटा मुलगा. जगाला मुलगा जास्त माहीत असला, तरी बर्मिंगहॅममध्ये आजही वडिलांचंच नाव मोठं आहे.

लंडनचा पोरगा बर्मिंगहॅमला आला

जोसेफचा जन्म ८ जुलै १८३६ चा, लंडनमधल्या कॅम्बरवेलचा. घरचा चामड्याच्या बुटांचा धंदा. कुटुंब युनिटेरियन पंथाचं, म्हणजे सरकारमान्य चर्चच्या बाहेरचं. अशा घरातल्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं जवळपास बंदच असायची. त्यामुळे वयाच्या १६ व्या वर्षीच तो घरच्या धंद्याला लागला.

१८५४ मध्ये एक संधी आली. बर्मिंगहॅममध्ये त्याच्या आत्याच्या यजमानांचा, जॉन सटन नेटलफोल्ड यांचा, लाकडात बसवायच्या स्क्रूंचा कारखाना होता. त्यांनी टोकदार स्क्रू बनवायच्या अमेरिकन यंत्रांचे हक्क घ्यायचं ठरवलं. भांडवल कमी पडत होतं, ते जोसेफच्या वडिलांनी घातलं आणि पैशावर लक्ष ठेवायला १८ वर्षांच्या मुलाला पाठवून दिलं.

पोरानं नुसतं लक्ष ठेवलं नाही, धंदाच वाढवला. हिशेब चोख आणि विक्री आक्रमक. पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये बनणाऱ्या अशा स्क्रूंपैकी बहुतांश माल याच कंपनीतून बाहेर पडायला लागला. पिंपरीत जीकेएन नावाची कंपनी अनेकांनी पाहिली असेल. त्या नावातला शेवटचा ‘एन’ याच नेटलफोल्डचा.

१८७४ मध्ये चेंबरलेन कुटुंबानं कंपनीतला आपला वाटा विकला. वयाच्या ३८ व्या वर्षी जोसेफ पोटापाण्याच्या चिंतेतून कायमचा मोकळा झाला होता.

दारूच्या गुत्त्यात चालणारा पालिकेचा कारभार

१८७१ च्या जनगणनेत बर्मिंगहॅमची लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांच्या घरात होती. पेनच्या निबा, बटणं, बंदुका, दागिने, खिळे असं सगळं इथे बनायचं. कारखाने वाढले तशी माणसं आली, पण गाव त्या वेगानं सुधारलं नाही. त्याला अधिकृत शहराचा दर्जाही १८८९ मध्ये मिळाला.

पालिकेवर बराच काळ छोट्या दुकानदारांचा आणि घरमालकांचा पगडा होता. त्यांचा कार्यक्रम एका ओळीचा होता, तो म्हणजे खर्च करायचा नाही. त्यांचा गट वुडमन नावाच्या दारूच्या गुत्त्यात बसायचा आणि पालिकेत काय करायचं ते तिथे ठरायचं. कर कमी ठेवला की मतदार खूश आणि मतदार म्हणजे कर भरणारा. गल्लीबोळात राहणाऱ्या गरिबाला विचारतो कोण?

याच काळात गावात वेगळा विचारही रुजत होता. जॉर्ज डॉसन नावाचा धर्मोपदेशक आपल्या प्रवचनांतून सांगायचा, की गावाची सेवा हासुद्धा धर्मच आहे. शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांनी पालिकेकडे नाक मुरडून बघणं सोडावं, निवडणूक लढवावी, काम करावं. चेंबरलेन याच वातावरणातला.

१८६९ मध्ये तो नगरसेवक झाला. सगळ्या मुलांना शिक्षण मिळालं पाहिजे, यासाठी बर्मिंगहॅममधून सुरू झालेल्या चळवळीतही तो पुढे होता. नोव्हेंबर १८७३ मध्ये त्याच्या लिबरल पक्षानं पालिका जिंकली आणि तो महापौर झाला. तिथे महापौराची निवड दरवर्षी नगरसेवक करायचे. त्यांनी त्याला सलग तीनदा निवडलं.

पहिला घाव गॅसवर

तेव्हा वीज नव्हती. रस्त्यावरचे, दुकानांतले, कारखान्यांतले दिवे कोळशाच्या गॅसवर चालायचे. बर्मिंगहॅममध्ये गॅसच्या दोन खासगी कंपन्या होत्या. दोघींच्या वेगळ्या पाइपलाइन, दोघींची वेगळी खोदाई.

चेंबरलेनचा हिशेब धंदेवाल्याचा होता. ज्या गोष्टीत खरी स्पर्धा होऊच शकत नाही, ती खासगी हातात ठेवली की नफा भागधारकाचा आणि त्रास गावाचा. पालिकेनं कंपन्या विकत घेतल्या तर तोच नफा गावाचा होईल.

पण पैसा? दोन्ही कंपन्यांची किंमत होती साडेएकोणीस लाख पौंडांहून जास्त. काटकसरीची सवय लागलेल्या नगरसेवकांना आकडा ऐकूनच घाम फुटला. चेंबरलेनचं म्हणणं होतं, की गावाच्या कराची हमी असल्यामुळे पालिकेला कर्ज स्वस्तात मिळेल आणि व्याज भरूनही हातात पैसे उरतील. आपल्या हिशेबावर त्याचा इतका भरवसा होता, की गावाला नको असेल तर हा सौदा स्वतः घ्यायची त्यानं तयारी दाखवली.

१८७५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि गॅस पालिकेचा झाला. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंडांचा नफा झाला. पुढे याच गॅस खात्याच्या पैशातून बर्मिंगहॅमची आर्ट गॅलरी उभी राहिली. १८८५ मध्ये ती उघडली आणि तिच्या खालच्या मजल्यावर कार्यालय होतं गॅस खात्याचं!

पाण्यावर मात्र नफा नको

गॅसनंतर पाळी पाण्याची. निम्मं गाव विहिरीच्या पाण्यावर जगत होतं आणि त्यातल्या बऱ्याच विहिरींत सांडपाणी झिरपत होतं. नळाचं पाणी खासगी कंपनीचं, तेही आठवड्यातून तीनच दिवस. साथीचे रोग यायचे आणि सगळ्यात आधी गरिबांच्या वस्त्या गाठायचे.

इथे चेंबरलेननं गॅसच्या उलट धोरण ठेवलं. संसदेच्या समितीपुढे त्यानं स्पष्ट केलं, की पाण्यातून पालिकेला पैसा कमवायचा नाही. लोक आजारी पडणार नाहीत, हाच पालिकेचा फायदा. गॅसमधून नफा आणि पाण्यातून आरोग्य, असा त्याचा सरळ हिशेब होता.

१३ लाख ५० हजार पौंड मोजून १८७६ मध्ये पालिकेनं पाणीपुरवठा ताब्यात घेतला. पुढे गाव वाढलं, तसं जवळचं पाणी पुरेना. मग पालिकेनं थेट वेल्समधल्या एलन खोऱ्यात धरणं बांधली आणि शंभराहून जास्त किलोमीटरवरून पाणी आणलं. १९०४ मध्ये ते सुरू झालं. पाणी कंपनीकडेच राहिलं असतं, तर एवढी उडी कुणी मारली असती, हा प्रश्नच आहे.

घरात दुःख, बाहेर काम

हे सगळं चालू असताना त्याच्या घरात काय घडत होतं? पहिली बायको हॅरिएट १८६३ मध्ये बाळंतपणात गेली. तिच्या मागे दोन मुलं राहिली. नंतर त्यानं हॅरिएटच्याच चुलतबहिणीशी, फ्लॉरेन्सशी लग्न केलं. तिला चार मुलं झाली. फेब्रुवारी १८७५ मध्ये तीसुद्धा बाळंतपणातच गेली आणि बाळही वाचलं नाही.

गॅस-पाण्याची कामं तेव्हा ऐन भरात होती. घरात सहा पोरकी मुलं होती. चेंबरलेननं स्वतःला कामात गाडून घेतलं. त्याच वर्षी त्यानं सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वादग्रस्त प्रकल्प हाती घेतला.

झोपडपट्टी गेली, पण माणसं कुठे गेली?

१८७५ मध्ये लंडनमधल्या काँझर्व्हेटिव्ह सरकारनं एक कायदा केला. रोगट वस्त्या ताब्यात घेऊन पाडायचा अधिकार त्यानं पालिकांना मिळाला. कायदा विरोधी पक्षाच्या सरकारचा होता, पण चेंबरलेननं त्याचा पुरेपूर वापर केला.

गावाच्या मधोमध ४० एकरांहून मोठा पट्टा निवडला गेला. अंधाऱ्या गल्ल्या, एकाला एक चिकटलेली घरं, सामायिक संडास. या भागात दर हजारी मृत्यूचं प्रमाण ५३ च्या आसपास होतं. जागा घेण्यासाठी निधी उभा करावा लागला, त्यात चेंबरलेननं स्वतःच्या खिशातून १० हजार पौंड घातले. तिथून पॅरिससारखा रुंद रस्ता काढायचं ठरलं. तोच आजचा कॉर्पोरेशन स्ट्रीट. पालिकेनं जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली. मुदत संपल्यावर गावातली सगळ्यात महाग जमीन पुन्हा गावाकडेच येणार होती.

१८७९ ते १८८१ या काळात त्या भागातला मृत्युदर २१ वर आला.

पण इथे एक मेख आहे. मृत्युदर घटला, त्याचं एक कारण म्हणजे तिथे आधी राहणारी माणसंच आता तिथे नव्हती. जागेवर दुकानं आणि कचेऱ्या आल्या होत्या. ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी पालिकेनं घरं बांधली नाहीत, कारण ते फार महाग पडलं असतं. पालिकेनं मजुरांसाठी पहिली मोजकी घरं बांधली ती थेट १८९० च्या सुमारास. तोवर उठवलेली कुटुंबं शेजारच्या वस्त्यांत दाटीवाटीनं राहिली, नाहीतर गावाबाहेर पांगली.

हा आरोप चेंबरलेनवर तेव्हाही झाला आणि आजही होतो. शहर सुंदर झालं, पण ज्यांच्या नावानं ते करायचं ठरलं त्यांच्या वाट्याला काय आलं? पुनर्विकासाचं बोर्ड लागलेल्या कुठल्याही वस्तीत हा प्रश्न आजही ऐकू येतो.

महापौर ते मंत्री

जून १८७६ मध्ये तो बर्मिंगहॅमचा खासदार झाला आणि महापौरपद सोडलं. पुढचा प्रवास बराच वळणाचा आहे. महापौर असताना तो राजेशाहीवर टीका करणारा जहाल नेता म्हणून ओळखला जायचा. १८७४ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बर्मिंगहॅमला आले, तेव्हा हा माणूस आता काय करणार, म्हणून सगळ्या देशाचं लक्ष होतं. त्यानं अगदी शिस्तीत पाहुणचार केला.

१८८६ मध्ये आयर्लंडला स्वराज्य द्यायच्या प्रश्नावर त्यानं आपल्याच पक्षाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याशी फारकत घेतली आणि लिबरल पक्ष फुटला. १८९५ ते १९०३ तो वसाहतमंत्री होता. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध याच काळातलं. १९०२ च्या अखेरीला तो डर्बनला गेला, तेव्हा तिथल्या भारतीयांची गाऱ्हाणी घेऊन एक शिष्टमंडळ त्याला भेटलं. त्याचं नेतृत्व मोहनदास गांधी नावाचा तरुण वकील करत होता. हाती काही लागलं नाही.

म्हणजे बर्मिंगहॅममधल्या गरिबाच्या पाण्यासाठी भांडलेला माणूस साम्राज्यातल्या गोऱ्या नसलेल्या माणसाच्या हक्कासाठी उभा राहिला नाही. त्याच्याबद्दल बोलताना या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

बर्मिंगहॅमला मात्र तो शेवटपर्यंत धरून राहिला. १९०० मध्ये विद्यापीठ सुरू झालं, त्यामागे तोच होता आणि पहिला कुलपतीही तोच झाला. जुलै १९०६ मध्ये गावानं त्याचा ७० वा वाढदिवस धूमधडाक्यात केला. काही दिवसांतच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. २ जुलै १९१४ ला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता, पण घरच्यांनी तो नाकारला. त्याला बर्मिंगहॅममध्येच पुरण्यात आलं.

आणि आज?

चेंबरलेननंतर ब्रिटनमधल्या अनेक पालिका बर्मिंगहॅमचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू लागल्या. पाणी, दिवे, वाहतूक, बागा, ग्रंथालयं ही पालिकेची कामं आहेत, हे आज आपण गृहीत धरतो. १८७३ च्या आधी बर्मिंगहॅममध्ये ते कुणी गृहीत धरत नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये याच बर्मिंगहॅमच्या कौन्सिलनं आपल्याकडे खर्चाला पुरेसे पैसे नाहीत, असं जाहीर केलं. अत्यावश्यक कामं सोडून नवा खर्च बंद झाला. समान वेतनाचे थकलेले दावे आणि फसलेली संगणक यंत्रणा ही त्याची मोठी कारणं होती. त्यानंतर कौन्सिलला आपल्या मालकीच्या मालमत्ता विकायला काढाव्या लागल्या.

चेंबरलेननं कर्ज काढून गावासाठी मालमत्ता घेतली होती. दीडशे वर्षांनी त्याच गावावर देणं भागवायला मालमत्ता विकायची वेळ आली. गावाच्या मधोमध, कौन्सिलच्या इमारतीमागच्या चौकात १८८० पासून त्याच्या नावाचं एक कारंजं उभं आहे. चौकाचं नावही चेंबरलेन स्क्वेअर.