बॅरिस्टर ते मौलाना : मजहरुल हक यांचे जीवन

माणूस तारुण्यात व्यवसाय निवडतो आणि पुढे त्या व्यवसायाचाच होऊन राहतो. हलाल मार्गाने रोजी कमावणे ही इबादत आहे, यात शंका नाही. परंतु अल्लाहने दिलेले कौशल्य केवळ स्वतःच्या रोजीपुरते आहे काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. बिहारचे नामवंत बॅरिस्टर मजहरुल हक यांना तो पडला आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी आपल्या जीवनाची दिशा बदलली.

त्यांचा जन्म १८६६ साली पाटणा जिल्ह्यातील बहपुरा गावी एका जमीनदार घराण्यात झाला. कायद्याच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले. तेथे त्यांनी अंजुमन-ए-इस्लामिया ही संस्था स्थापन केली. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांना मुन्सफाची सरकारी नोकरी मिळाली. पण लवकरच ती सोडून त्यांनी छपरा येथे वकिली सुरू केली. १८९७ च्या दुष्काळात सारण जिल्ह्यातील पीडितांच्या मदतकार्यात ते अग्रभागी होते. पुढे पाटण्यात त्यांना कीर्ती आणि संपत्ती दोन्ही लाभल्या. पोशाख, घर, मोटार, सारेच ऐश्वर्याला साजेसे होते.

तथापि त्यांच्या विद्येवर गरजवंताचा हक्क कायम होता. १९१३ साली कानपूरमध्ये रस्त्यासाठी मच्छली बाजारातील मशिदीचा वजूचा भाग पाडण्यात आला. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि अनेकांना अटक झाली. त्या निराधार आरोपींचा खटला हक साहेबांनी विनामोबदला चालविला. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्याच दिवसांत काँग्रेसचे अधिवेशनही मुंबईतच भरले होते. हिंदू-मुस्लिम सहकार्य हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह राहिला. १९१७ साली चंपारणला निघालेले गांधीजी पाटण्यात उतरले, तेव्हा निरोप मिळताच लंडनचे हे जुने परिचित आपली मोटार घेऊन त्यांच्या भेटीस धावले.

१९२० साली खिलाफत व असहकाराची हाक आली आणि त्यांनी भरभराटीची वकिली सोडली. पाटण्याच्या अभियांत्रिकी विद्यालयातून बाहेर पडलेली मुले आश्रयासाठी त्यांच्याकडे आली. आपले सुखसोयींचे घर सोडून ते त्या मुलांसह गंगेजवळच्या एका बागेत राहावयास गेले. हाच सदाकत आश्रम होय. सदाकत म्हणजे सच्चाई. विलायती पोशाख गेला, दाढी आली, अन्न साधे झाले, चरखा फिरू लागला. १९२१ साली स्थापन झालेल्या बिहार विद्यापीठाचे ते पहिले कुलपती झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘मदरलँड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले आणि त्यातील लिखाणापायी कारावासही सोसला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू न्यायालयात मांडली, ते स्वतः आरोपी म्हणून उभे राहिले.

मदरशाची सनद त्यांच्यापाशी नव्हती, तरी लोक त्यांना मौलाना म्हणू लागले. ही पदवी कोणत्याही परीक्षेने दिलेली नव्हती. ती जनतेने त्यांच्या आचरणाला दिली होती.

अखेरची वर्षे त्यांनी सारण जिल्ह्यातील फरीदपूर या गावी काढली आणि २ जानेवारी १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पाटण्यातील अरबी व फारसी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या चरित्रातून प्रत्येकाने व्यवसाय सोडावा, असा बोध घेणे योग्य नाही. कुटुंबाचे पालनपोषण हेही फर्ज आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा त्याग एका रात्रीत घडला नाही. दुष्काळातील सेवा आणि कानपूरचा विनामोबदला खटला यांनी त्यांच्या मनाला देण्याची सवय लावली होती. म्हणून सर्वस्व देण्याची वेळ आली, तेव्हा हात आखडला नाही. आपल्यातील वकील, डॉक्टर, शिक्षक, कारागीर यांनी आपल्या कमाईबरोबर कौशल्याचाही काही हिस्सा गरजवंतांसाठी आजपासूनच काढून ठेवावा. अल्लाह मौलानांना मगफिरत आणि आपणांस अशी सदाकत प्रदान करो. आमीन.