नागासाकीचे पत्र आणि झान बिगार



परदेशातल्या, आपण कधी न पाहिलेल्या मुलाच्या शिक्षणासाठी पैसे देणे आता कुणाला नवे वाटत नाही. मिशन देशांतील सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी ही रीत ज्यांनी घालून दिली, त्या झान बिगार यांचे चरित्र आज थोडक्यात पाहू.

झान यांचा जन्म २ डिसेंबर १८५९ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात कुतांस येथे झाला. वडील न्यायाधीश होते. स्वभावाने त्या बुजऱ्या होत्या. वडील व भाऊ निवर्तल्यावर घरात दोघीच उरल्या, झान आणि आई स्तेफनी. घरी पैसा होता, पण मायलेकींनी राहणी अगदी साधी ठेवली. मिशनरी फादरांना पत्रे लिहावीत, वेदीची वस्त्रे शिवून पाठवावीत, हा त्यांचा उद्योग. ज्यांचे पवित्र अवशेष आपल्या गोव्यात आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे चर्च १८९० मध्ये जपानच्या क्योटो शहरात उभे राहिले, त्यालाही त्यांचा मोठा हातभार होता.

त्याआधीच, १८८९ च्या जून महिन्यात, नागासाकीचे बिशप कुझँ यांचे पत्र त्यांना आले होते. धर्मगुरू होऊ इच्छिणारी जपानी मुले दाराशी येत होती आणि खर्च झेपत नाही म्हणून बिशपांना त्यांना परत पाठवावे लागत होते. पुन्हा छळ सुरू झाला तर परदेशी मिशनरी लपून राहू शकणार नाहीत. स्थानिक धर्मगुरू मात्र लोकांत राहून त्यांना सांभाळतील, असे त्यांचे म्हणणे होते. नागासाकीच्या तोंडी हे म्हणणे पोकळ नव्हते. तेथील भाविकांनी धर्मगुरूंवाचून दोनशेहून अधिक वर्षे लपूनछपून श्रद्धा जपली होती.

मायलेकींनी त्याच वर्षी संत पेत्र प्रेषित संस्थेचे काम सुरू केले. आम्हाला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. चर्च बांधायला पैसे दिले तर कोनशिलेवर नाव राहते. शिक्षणाला दिलेला पैसा मुलाच्या डोक्यात जातो आणि दिसेनासा होतो. शिवाय तो मुलगा शिकला की त्याला आपली गरज उरत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दानाच्या व्याख्या आम्ही पुष्कळ पाठ केल्या, पण एवढे निरपेक्ष दान त्यांत क्वचितच सापडले.

पद्धत व्यवहारी होती. कुणी एका विद्यार्थ्याला दत्तक घेऊन त्याचा खर्च उचलावा, किंवा एकरकमी ठेव द्यावी. ठेवीच्या व्याजावर एक मुलगा शिकून धर्मगुरू झाला की तीच ठेव दुसऱ्याच्या कामी येई. परमगुरू लिओ तेरावे यांनाही स्थानिक धर्मगुरूंची तळमळ होती. १८९३ मध्ये भारतासाठी त्यांनी श्रीलंकेत कँडी येथे सेमिनरी स्थापन केली. तीच १९५५ साली पुण्याला आली, ती आपली पेपल सेमिनरी.

काम वाढले तशा अडचणीही वाढल्या. फ्रेंच सरकारने संस्थेला मान्यता नाकारली, म्हणून १९०२ मध्ये कचेरी स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबुर्गला हलवावी लागली. १९०३ च्या जानेवारीत आई वारल्या. झान एकट्या पडल्या आणि त्यांचे मन ढासळू लागले. १९०४ मध्ये त्यांनी संस्था फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींकडे सोपवली. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्याही नव्हत्या. मनाचा आजार घरातल्या माणसांपासूनही लपवला जातो, तो काळ तर त्याहून कठोर होता. पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी त्याच अंधारात काढली.

संस्था मात्र चालत राहिली. १९२० मध्ये ती रोमला गेली आणि १९२२ मध्ये परमगुरू पायस अकरावे यांनी तिला परमगुरूंच्या संस्थेचा दर्जा दिला. ३० ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांनीच रोममध्ये हायासाका या पहिल्या जपानी बिशपांना दीक्षा दिली आणि त्यांना धर्मप्रांत मिळाला तो नागासाकीचा. झान तेव्हा हयात होत्या. २८ एप्रिल १९३४ रोजी फ्रान्समध्ये आलाँसाँ येथे, धर्मभगिनींच्या सहवासात, त्यांनी देह ठेवला.