महाकालीची सेविका राणी हिराई

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत झरपट नदीत स्नान करून चंद्रपूरच्या महाकालीपुढे माथा टेकणाऱ्या भाविकांना आम्ही राणी हिराईचे स्मरण देऊ इच्छितो.

कन्येच्या सासरी झालेल्या अपमानाने संतप्त होऊन हिराईचे पती, चांद्याचे गोंडराजे बीरशहा, देवगडवर चालून गेले. रणदेवी महाकालीला जावयाचे मस्तक वाहण्याचा नवस बोलून त्यांनी तो फेडला, अशी आख्यायिका आहे. पुढे १७०४ च्या सुमारास बीरशहांचाच घात झाला. वैधव्याचे दुःख गिळून हिराईने दत्तकपुत्र रामशहाच्या नावे राज्य सांभाळले, पतीची समाधी उभारली आणि महाकालीचे मंदिर बांधले.

राजाने देवीजवळ शत्रुसंहार मागितला. राणीने देवीचे द्वार लेकरांसाठी उघडले. रणचंडिका येथेच भक्तांची माउली झाली, असे आम्ही मानतो.