गुणसूत्रे मोजणाऱ्या जानकी अम्माळ आणि आपली पऱ्हाटी

कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम) परिसरात कपाशीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. गावरानी कपाशी पाण्याचा ताण सोसते, रसशोषक किडींना सहज बळी पडत नाही. मग तिचा अमेरिकन कपाशीशी संकर करून दोन्हीचे गुण एका झाडात का आणत नाहीत? उत्तर पेशीच्या आत आहे. गावरानी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीत 52. असे आकडे शेकडो पिकांसाठी गोळा करून शेतीच्या कामी आणणाऱ्यांत एक मोठे नाव भारतीय बाईचे आहे : जानकी अम्माळ.

त्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1897 रोजी केरळातील तलश्शेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात होते. मुलींची लग्ने लवकर होण्याच्या त्या काळात जानकींनी लग्नाऐवजी वनस्पतिशास्त्र निवडले. मद्रासला शिकून त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1931 मध्ये तेथे डॉक्टरेट मिळवली.

1934 ते 1939 त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात होत्या. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या 'को' वाणांचे हे माहेरघर. नदीकाठी पांढरे तुरे येणाऱ्या कांस गवताशी उसाचा संकर तेथे आधीच झाला होता. जानकींनी पुढे जाऊन उसाचा ज्वारीशी, इतकेच नव्हे तर मक्याशीही संकर करून पाहिला आणि प्रत्येक संकरात गुणसूत्रे कशी वागतात हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बाई म्हणून आणि खालची मानलेल्या जातीतली म्हणून तेथे त्यांना त्रास झाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. 1939 मध्ये एडिंबरोच्या आनुवंशशास्त्र परिषदेला त्या गेल्या, तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या.

आता पेशीत काय घडते ते पाहू. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. दोन्ही प्रती प्रथिनांच्या कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू येतात, एक तंतू एका प्रतीला धरतो, दुसरा दुसरीला. बैलजोडीच्या दोन्ही बाजूंनी कासरे ताणावेत तसे. सगळ्या जोड्या अशा ताणल्या गेल्या की एक एंझाइम कात्रीसारखे ती कडी तोडते आणि प्रती वेगळ्या होऊन दोन टोकांना जातात. एकही गुणसूत्र तंतूला लागायचे राहिले तर पेशी थांबते. हा 'थांबा' देणारी जनुके यीस्टमध्ये 1991 साली सापडली, म्हणजे जानकींच्या मृत्यूनंतर. पण तंतूच नसतील तर काय होते, हे त्यांनी झाडांवर पाहिले होते.

त्यासाठी वापरले जाते कोल्चिसिन. पावसाळ्यात धुऱ्यावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातही हेच विष असते. ते तंतू तयार होऊ देत नाही. गुणसूत्रांच्या प्रती होतात, पण ओढणारे कोणी नाही. पेशी वाट पाहते आणि शेवटी विभागल्याशिवाय पुढे जाते. तिच्यात गुणसूत्रे दुप्पट होतात. युद्धानंतर लंडनजवळच्या विस्ले बागेत जानकींनी सोनचाफ्याच्या कुळातील मॅग्नोलियाच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यांवर हे द्रावण लावले. त्या झाडांची पाने जाड आली, फुलांच्या पाकळ्याही जाड आणि जास्त टिकणाऱ्या. (कळलावीचा कंद घेऊन घरी असले काही करू नका. तो माणसाला आणि जनावरालाही मारतो.)

आता पुन्हा कपाशीकडे. गावरानीकडून 13 आणि अमेरिकनकडून 26, अशी संकरित झाडात 39 गुणसूत्रे येतात. झाड वाढते, पण परागकण तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो. फार तर 13 जोड्या जमतात, 13 गुणसूत्रे एकटी राहून कुठेही जातात. पराग वांझ निघतो आणि बोंडात सरकी धरत नाही. अशा झाडाची गुणसूत्रे कोल्चिसिनने दुप्पट, म्हणजे 78 केली, की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि बी धरू शकते. पैदासकार हीच वाट वापरतात, मात्र पुढे कित्येक पिढ्या निवड करावी लागते. बाजारातील संकरित कपाशी वांझ नसते, तिथे अडचण वेगळी. तिच्या जोड्या नीट जमतात, पण वेगळ्या होताना आई-बापाचे गुण नव्याने वाटले जातात. म्हणून तिची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर एकाच ओळीत उंच, बुटकी, लवकर आणि उशिरा येणारी झाडे दिसतात. सोयाबीनचे वाण सरळ असतात आणि स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून तिथे उगवणशक्ती तपासून घरचे बियाणे चालते.

ही सगळी आकडेमोड ज्यावर उभी आहे त्या कामाचा मोठा भाग 1945 मध्ये पुस्तकरूपात आला. लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांची ती जगभरातील सूची जानकींनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत तयार केली. कुठल्या पिकाचा कुणाशी संकर जमेल, याचा पहिला अंदाज पैदासकाराला अशा सूचीतूनच येतो.

1951 मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या फेररचनेचे काम त्यांच्याकडे आले. निवृत्तीनंतर काही काळ मुंबईला तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्यांनी काम केले, पुढे 1970 मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या. 1977 मध्ये पद्मश्री मिळाली. 7 फेब्रुवारी 1984 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत मद्रासजवळच्या मदुरवायल येथील प्रयोगशाळेत त्यांचे काम चालूच होते.