अंगणवाडीच्या आद्य प्रवर्तक : ताराबाई मोडक

पांढुर्णा आणि सौंसर परिसरातील बहुतेक गावांत शाळा, पंचायत किंवा देऊळ यांच्या आसपास एक लहानशी खोली आढळते. तिच्या दारावर हिंदीत पाटी असते, आंगनवाड़ी केन्द्र अशी. घरी मराठी बोलणारी आणि कचेरीत हिंदी लिहिणारी या भागातील माणसे हा शब्द सरकारी हिंदीतलाच समजून वाचतात. वस्तुतः तो मराठी मुलखातून आलेला आहे. अरबी समुद्राच्या काठावरील बोर्डी गावाच्या परिसरात, पन्नाशी उलटलेल्या एका विदुषीने दलित आणि आदिवासी वस्त्यांमधील झोपड्यांपुढची अंगणे झाडून तेथे जी बालशाळा भरविली, तिचे हे नाव. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे की नाही हा प्रश्न त्या काळी घरोघर वादाचा असला, तरी केळकरांच्या घरात तो नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्ण वासुदेव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीमार्गे गेल्यास अमरावती फारशी दूर नाही. वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांचा कारभार १९०३ पासून एकत्र झालेला असल्याने अमरावती आणि छिंदवाडा हे जिल्हे तेव्हा एकाच शासनाखाली होते. ताराबाईंच्या आयुष्यातील ही काही वर्षे अशा रीतीने या परिसराच्या शेजारीच गेली. मात्र त्यांना सुख लाभले नाही. १९२१ साली विवाहबंधन संपुष्टात आले आणि लहानग्या मुलीला घेऊन त्या स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. त्या काळच्या समाजात पतीपासून विभक्त झालेल्या सुशिक्षित स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे सांगावयास नको. ताराबाईंनी त्याविषयी तक्रारीचा सूर लावल्याचे दिसत नाही.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. परंतु शिक्षिका घडविण्याच्या त्या ठराविक चाकोरीत त्यांचे मन रमेना. आपल्या मुलीला कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे, हाही प्रश्न मनात होताच. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराची वार्ता त्यांच्या कानी आली. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया मॉंटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले, वकिली सोडून शिक्षक झाले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर उघडले. ताराबाईंनी राजकोटची सुरक्षित नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला गेल्या.

पुढची जवळजवळ नऊ वर्षे ही त्यांच्या जीवनातील खरी शिकण्याची वर्षे म्हणावी लागतील. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची अपुरी आवृत्ती नव्हे, त्याच्या वाढीला स्वतःचा क्रम आणि स्वतःची गती असते, हे मॉंटेसरीविचाराचे सूत्र. ते त्यांनी बालमंदिरातील मुलांकडे दिवसेंदिवस पाहून पारखून घेतले. मुलाला मारणे, भीती दाखविणे, बक्षिसाचे आमिष दाखविणे या तिन्ही गोष्टी बालमंदिरात वर्ज्य होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीत निघे. मराठी पत्रिकेची धुरा ताराबाईंनी वाहिली. हे लेखन प्रामुख्याने आईबापांसाठी असे. मूल जेवत नाही, हट्ट करते, खोटे बोलते, अंथरूण ओले करते, धाकट्या भावंडाचा मत्सर करते, असे घरोघरचे प्रश्न त्यांनी विचारासाठी घेतले. मुलाच्या वागण्याचे कारण बहुधा घरातील मोठ्यांच्या वागण्यात सापडते, हे त्या पालकांना न दुखावता, पण स्पष्टपणे सांगत. मुलाला शिकवावयाचे तर आधी त्याच्या घराशी नाते जोडले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या कार्यात अखेरपर्यंत टिकली.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. त्याला जोडूनच बालशिक्षिका तयार करण्याचे कार्यही उभे राहिले. मराठी मध्यमवर्गात बालवाडीची आवड रुजली ती अशा संस्थांमुळे. शिशुविहाराचा लौकिक वाढत होता. बहुतेकांनी एवढ्यावर कृतार्थता मानली असती. ताराबाईंना मात्र एक शल्य बोचत होते. मॉंटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत उघडले होते. भारतात येताना तीच पद्धती महागड्या लाकडी साधनांसह आली आणि फी भरू शकणाऱ्या घरांच्या मुलांपुरती उरली. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती. त्यांच्यासाठी या नव्या शिक्षणाने काहीच केले नव्हते. गांधीजींच्या विचारांचा ताराबाईंवर प्रभाव होता. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातून नयी तालीमची चर्चा देशभर पसरली होती आणि शिक्षणाचा आरंभ शाळेच्या वयाच्याही आधी झाला पाहिजे, हा विचार तेथेही मान्य होऊ लागला होता.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. याच वेळी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिकेची नोकरी करून स्वतः शिकलेल्या अनुताई या पुढे ताराबाईंच्या उजव्या हात ठरल्या. दोघींचे सहकार्य ताराबाईंच्या निधनापर्यंत अखंड चालले.

बोर्डीतील पहिला अनुभव निराशेचा होता. गावात बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. दलितवस्तीतील मुलांना गावातील वास्तूत येण्याचा संकोच होता. पाड्यावरील वारली मुलांना अंतर लांब होते. आईबाप भल्या सकाळी मजुरीला जात, मुलांना तयार करून धाडणार कोण? अशा वेळी गरिबांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी दोष मुलांकडे वा त्यांच्या आईबापांकडे न देता आपल्या शाळेच्या रचनेकडे दिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले.

मग कार्यकर्त्या वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यावे, गोळा झालेल्या मुलांचे हातपाय धुवावेत, नाक पुसावे, केस विंचरावेत, नखे काढावीत, येथून दिवसाची सुरुवात होई. गाणी, गोष्टी, खेळ त्यानंतर. मॉंटेसरीची विकतची साधने येथे परवडणारी नव्हती आणि ती या मुलांच्या ओळखीचीही नव्हती. त्यांची जागा शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काड्या आणि माती यांनी घेतली. लहानमोठे लावणे, रंग ओळखणे, मोजणे, आकार जुळविणे हे सारे त्यांतून साधता येई. मुलांची बोली वारली. ती अशुद्ध म्हणून दुरुस्त करीत न बसता कार्यकर्त्यांनी ती आधी समजून घ्यावी, असा आग्रह होता. अंगणात चाललेला हा उद्योग आया आणि आज्या उंबऱ्यावरून पाहत. मुलाला स्वच्छ कसे ठेवावे, त्याच्याशी कसे बोलावे, याचे शिक्षण त्यांना वेगळ्या व्याख्यानावाचून मिळे. हीच अंगणवाडी.

पुढे १९५७ साली हे कार्य बोर्डीजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे एक नवी अडचण ध्यानी आली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. तिला शाळेत आणावयाचे तर त्या भावंडाची सोय आधी लावणे भाग होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. या रचनेला विकासवाडी असे नाव मिळाले. जी मुले दिवसभर गुरे राखीत त्यांच्यासाठी कुरणातच वर्ग भरवावा, या विचारातून कुरणशाळा निघाली. करुणा ही मनात दाटून येणारी भावना म्हणून पुष्कळांजवळ असते. ताराबाईंनी तिला वेळ, जागा, भाषा आणि कामाची वाटणी यांच्या रूपाने व्यवहारात उतरविले. त्यांच्या कार्याचे मर्म येथे आहे.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. अनुताईंनी कोसबादचे कार्य १९९२ साली आपल्या निधनापर्यंत पुढे चालविले.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला ही चरित्रकथा परक्या मुलखाची वाटू नये. कापूस वेचणीच्या आणि संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत येथेही आई सकाळीच वावरात जाते आणि तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर येते. येथेही घरची भाषा एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, असे असंख्य मुलांच्या वाट्याला येते. मराठी बोलणाऱ्या मुलाची हिंदीपुढे जी गत होते, तीच गोंडी बोलणाऱ्या मुलाची मराठी आणि हिंदी या दोहोंपुढे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात आणि छिंदवाडा दुसऱ्या राज्यात गेला. २०२३ साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा अशा बदलत असतात, तीन-चार वर्षांच्या मुलाची अडचण मात्र तशीच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षे हे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले आणि आरंभीचे शिक्षण शक्य तेथे घरच्या भाषेत असावे असे म्हटले. बोर्डीच्या अंगणांत हे पाऊण शतकापूर्वीच करून पाहिले गेले होते.

अंगणवाडीकडे आज पुष्कळ वेळा पोषण आहार आणि लसीकरण यांचे केंद्र म्हणूनच पाहिले जाते. ती दोन्ही कामे मोलाची आहेत, ताराबाईंनीही मुलाच्या देहाची काळजी मनाच्या आधी घेतली. परंतु हातपाय धुऊन झाल्यावर त्या थांबत नसत. त्यानंतर गाणे असे, गोष्ट असे, मूठभर बियांचा खेळ असे आणि मुलाच्याच बोलीत त्याच्याशी बोलणारे कोणी तरी असे. दारावरील पाटी वाचून आत डोकावणाऱ्याने एवढे आत आहे की नाही ते पाहावे. नसेल तर ते आणण्यासाठी फार द्रव्य लागत नाही. ताराबाईंनी शंखशिंपल्यांवर काम भागविले होते. येथे चिंचोके आहेत, कपाशीची बोंडे आहेत, जाम आणि कन्हान नद्यांच्या पात्रातले गोटे आहेत आणि गोष्टी सांगणाऱ्या आज्याही आहेत.