अंगाला न बसलेला वेष

अमका नट तमक्या भूमिकेत मुळीच शोभला नाही, हा आपल्याकडे घराघरांतला आवडता विषय. सिनेमा पाहून परतताना रिक्षातच त्याला सुरुवात होते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो पुरतो. कुणाचे वय आड येते, कुणाची भाषा, तर कुणाचा चेहराच. पण मराठी माणसाच्या स्मरणातले या प्रकारातले सर्वांत मोठे उदाहरण कुणा दुय्यम नटाचे नाही. ते आहे आपल्या रंगभूमीच्या सर्वांत लाडक्या नटाचे, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांचे.

1935 साली ‘प्रभात’चा ‘धर्मात्मा’ पडद्यावर आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे आणि पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! कागदावर यापेक्षा मोठा योग कोणता असणार? तरीही पडद्यावर काहीतरी चुकले. काय चुकले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

26 जून 1888 हा त्यांचा जन्मदिवस. घराणे मूळचे नागठाण्याचे. लहानपणीच गळ्याची ख्याती झाली आणि पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकून कौतुकाने त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ते नाव जन्मभर चिकटले. पुढे कानाचे दुखणे निघाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी मिरजेला पाठवले आणि तिथेच किर्लोस्कर नाटक मंडळीची गाठ पडली. 1901 साली भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून मंडळीची स्त्रीभूमिकेची जागा रिकामी पडल्यासारखीच होती. 1905 साली नारायणाने शकुंतलेचा वेष चढवला आणि ती जागा भरली.

त्या काळी घरंदाज बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणे अशक्यच होते. स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची, ही रीत. पण बालगंधर्वांनी त्या रीतीतून जे उभे केले ते वेगळेच होते. भामिनी, रुक्मिणी, रेवती, सिंधू या त्यांच्या नायिका पाहायला बायका यायच्या आणि घरी जाऊन त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखी फुले माळायच्या. पुरुषाने बाईची नक्कल करावी यात नवल नाही, पण इथे महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषावरून बाईपणाची रीत उचलत होत्या!

भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभल्याने गाण्याला बैठक मिळाली होती. 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 चे ‘स्वयंवर’, 1919 चे ‘एकच प्याला’ ही नाटके गाजली. साथीला तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष. पडदे खरे, शालू खरे, अत्तरही खरे. रसिकाला खोटे काही द्यायचे नाही, हा बाणा. या बाण्यापायी मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. 1921 साली कर्ज लाखावर गेले, आणि त्याच वर्षी 8 जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ करून ते मोकळ्या हाताने परतले. कर्ज फेडले ते नाटके करूनच.

त्यांची रसिकाप्रत असलेली निष्ठा कोणत्या थराची होती, ते 12 मार्च 1911 या एका तारखेवरून कळते. ‘मानापमान’चा तो पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींना वाटले, पण तिकिटे काढून आलेल्या लोकांचा विरस नको म्हणून बापाने डोळे पुसले, तोंडाला रंग लावला आणि रात्री भामिनी उभी राहिली. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना या घरावर काय कोसळले आहे, याची कल्पनाही आली नसेल.

मग असा माणूस सिनेमाकडे का वळला? उत्तर सरळ आहे. काळ बदलला होता. 1931 साली ‘आलम आरा’ने पडदा बोलू लागला, 1932 साली ‘प्रभात’च्याच ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठीत बोलू लागला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गंधर्वांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या तिकिटापेक्षा बोलपट कितीतरी स्वस्त. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, हा विचार रंगभूमीवरही रुजला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, अंगाने स्थूल झालेल्या गंधर्वांच्या पायाखालची वाळूच सरकत होती. पदरी मोठे बिऱ्हाड, मंडळीचा खर्च थांबत नाही, उत्पन्न आटलेले. अशा वेळी ‘प्रभात’ने हात पुढे केला. सहा चित्रपटांचा करार झाला. गंधर्व नाटक मंडळीचा संसार आवरता घेतला गेला.

एकनाथांचा विषय निवडण्यामागे विचार होता. वाळवंटात तापलेल्या अस्पृश्य लेकराला कडेवर घेणारा, श्राद्धाचे अन्न उपेक्षितांना वाढणारा, त्यांच्या घरी जेवायला जाणारा हा संत त्या दिवसांत फार जवळचा वाटत होता. गांधीजींची अस्पृश्यता निवारणाची चळवळ ऐन भरात होती. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ ठेवले होते. सेन्सॉरला त्यात राजकारणाचा वास आला आणि ते ‘धर्मात्मा’ करावे लागले.

विषय मोठा, संस्था मोठी, नट मोठा. पण प्रेक्षक तिकीट काढून आला होता तो ‘आपले’ बालगंधर्व पाहायला. आणि समोर उभे राहिले धोतर नेसलेले, वयस्क, शांत गृहस्थ! ज्या हाताच्या एका वळणावर थिएटर लुब्ध होत असे, तो हात आता पुरुषाचा होता आणि त्याला काय करावे ते सुचत नव्हते. तीस वर्षे अंगात मुरवलेली लाज, मुरका, पदराशी चाळा हे सारे दूर सारायचे होते. ते दूर सारल्यावर अभिनयाचे भांडवल उरले किती?

गाण्याचीही तीच गत. नाटकात एखादे पद ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेत कितीही वेळ फुलत असे. प्रेक्षकाची दाद आली की गळ्याला नवी पालवी फुटे. स्टुडिओत प्रेक्षक कुठला? तिथे दिवे, यंत्रे आणि घड्याळ. एक तुकडा आज, दुसरा चार दिवसांनी. रसिकाला मायबाप मानणाऱ्या माणसाला मायबापांशिवाय गायला लावण्यासारखेच ते होते.

पुरुष म्हणून जमले नाही, मग स्त्री म्हणून जमले असते का? या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. ‘प्रभात’शी केलेला करार एका चित्रपटावरच थांबला. त्यानंतर 1937 साली आलेल्या, बाबूराव पेंटरांनी दिग्दर्शित केलेल्या ‘साध्वी मीराबाई’त बालगंधर्व मीरा झाले. शालू परत आला, पण जादू परतली नाही. रंगमंचावर दिव्यांच्या मंद उजेडात, वीस-पंचवीस हातांवरून जे रूप दिसे त्यात निम्मा वाटा पाहणाऱ्याच्या मनाचा असे. कॅमेरा मात्र नाकासमोर येऊन उभा राहतो. त्याला कल्पना करता येत नाही. त्याने पन्नाशीला टेकलेला पुरुष पाहिला आणि तोच दाखवला.

इथे एक गंमतीची तुलना सुचते. 1936 साली ‘प्रभात’नेच ‘संत तुकाराम’ काढला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. तेही एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिकाच करत! पण त्यांचा तुकाराम असा वठला, की मुंबईत चित्रपट वर्षभराहून अधिक चालला आणि व्हेनिसपर्यंत त्याचे नाव गेले. कित्येक घरांत तुकोबांची तसबीर म्हणून पागनीसांचाच चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्याला संत साधत नाही, असे म्हणता येणार नाही. पागनीस कोरी पाटी घेऊन आले होते. रंगभूमी मागे टाकून ते भजनात रमले होते, लोकांच्या मनात त्यांची आधीची मूर्ती नव्हती. बालगंधर्वांच्या पाटीवर मात्र अख्ख्या महाराष्ट्राने आधीच लिहून ठेवले होते. ते पुसायला लोक तयार नव्हते आणि, खरे सांगायचे तर, ते स्वतःही नव्हते.

म्हणून ते परत फिरले. पुन्हा मंडळी उभी केली, पुन्हा शालू नेसला. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. 1951 साली दोघांनी लग्न केले, त्यावरून पुष्कळ जुनी माणसे दुरावली. अखेरच्या वर्षांत पायांनी साथ सोडली. 1955 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1964 साली पद्मभूषण मिळाले. त्याच 1964 मध्ये गोहरबाई गेल्या आणि 15 जुलै 1967 रोजी पुण्यात बालगंधर्वांनीही डोळे मिटले. ज्या रंगमंदिराची कोनशिला 1962 साली त्यांच्याच हाताने बसली होती, ते संभाजी उद्यानाशेजारचे बालगंधर्व रंगमंदिर पुढच्याच वर्षी, 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिवशी उघडले.

‘धर्मात्मा’ला चूक म्हणायचे तर जरूर म्हणावे. पण ती चूक एकट्या नटाची नव्हती. पोट, कर्ज आणि बदलता काळ यांनी मिळून एका माणसाला त्याचा नसलेला वेष चढवायला लावला. आपल्याही घरात असे घडतेच की! उत्तम शिकवणारा मास्तर बढतीपोटी कचेरीच्या टेबलाशी बसतो आणि मिटून जातो. आपण त्याला नालायक ठरवतो, वेष कुणी चढवला ते विचारत नाही.

2011 साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. सुबोध भावे शालू नेसून पडद्यावर उभे राहिले, आनंद भाटे यांच्या गळ्यातून पदे उमटली आणि गंधर्वांना कधीच न पाहिलेल्या पिढीने डोळे पुसले. ज्या पडद्याने बालगंधर्वांना जवळ केले नाही, त्याच पडद्याने पाऊणशे वर्षांनी त्यांना असे घरोघरी पोचवले. फक्त त्या वेळी पडद्यावर ते स्वतः नव्हते.