टायरवर नाव गुडइयरचं, पण त्या कंपनीतला एक डॉलरही चार्ल्स गुडइयरला मिळाला नाही

पोर्शे गाडीचा टायर नीट बघितला तर बाजूला बारीक अक्षरात ‘एन०’ किंवा ‘एन१’ असं लिहिलेलं दिसतं. बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी असते, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’. म्हणजे हा टायर त्या गाडी कंपनीनं तपासून मंजूर केलाय. त्याच टायर कंपनीचा, त्याच साइजचा, त्याच नावाचा पण ही खूण नसलेला टायरही दुकानात मिळतो.

मग फरक काय? नुसतं मार्केटिंग?

नाही. फरक बऱ्याचदा आत असतो. टायरचा सांगाडा वेगळा असू शकतो आणि रबराचं मिश्रण, म्हणजे कंपाउंडही वेगळं असू शकतं. कारण टायरचं रबर ही एक रेसिपी असते. प्रमाण जरा बदललं की रस्त्यावरची पकड बदलते, झीज बदलते.

या रेसिपीचा पाया ज्यानं घातला, त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

२९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन इथं त्याचा जन्म झाला. वडिलांचा हार्डवेअरचा धंदा होता. चार्ल्सनं फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान टाकलं, पण १८३० च्या सुमाराला धंदा बुडाला. त्या काळी कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंग. चार्ल्स आत गेला, आणि पुढे हे वारंवार घडत राहिलं.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात त्यानं पाण्यात तरंगायला मदत करणारं जॅकेट पाहिलं. त्याचा व्हॉल्व्ह त्याला बरा वाटला नाही, म्हणून त्यानं नवा बनवून नेला. तिथं त्याला कळलं की खरी अडचण व्हॉल्व्हची नाहीच, रबराची आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात वितळून चिकट व्हायचं, थंडीत कडक होऊन तडकायचं. ग्राहक माल परत आणत होते, कंपन्या बुडत होत्या.

बस्स, चार्ल्सच्या डोक्यात रबर शिरलं ते शेवटपर्यंत.

रसायनशास्त्र तो शिकलेला नव्हता. तुरुंगात बसून बायकोचं लाटणं घेऊन तो रबर मळायचा. कधी मॅग्नेशिया, कधी चुना, कधी नायट्रिक ॲसिड. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली तेव्हा दिवस पालटतील असं वाटलं, पण उन्हाळ्यात पिशव्याही वितळल्या. घरातल्या वस्तू विकाव्या लागल्या. त्याची अनेक मुलं लहानपणीच दगावली.

नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा माणूस रबरात गंधक मिसळायचा. त्याचे हक्क चार्ल्सनं विकत घेतले. १८३९ मध्ये वोबर्न गावात गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळायला हवं होतं, पण चामड्यासारखं घट्ट झालं.

याला निव्वळ योगायोग म्हटलेलं चार्ल्सला आवडत नसे, आणि ते बरोबरच होतं. गंधक किती, उष्णता किती, किती वेळ, हे ठरवण्यात त्याची पुढची काही वर्षं गेली.

यामागचं विज्ञान सोपं आहे. रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. तापवल्यावर गंधक त्या दोऱ्यांना एकमेकांशी बांधतं. बांधणी कमी तर रबर मऊ, जास्त तर कडक. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. रोमन अग्निदेव व्हल्कन, त्यावरून हे नाव पडलं.

१५ जून १८४४ रोजी चार्ल्सला अमेरिकेचं पेटंट मिळालं. पण तोवर त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडमध्ये पोचले होते. ते पाहिलेल्या थॉमस हॅनकॉकनं तिथलं पेटंट आधीच अर्ज करून मिळवलं. अमेरिकेतही पेटंटवरून भांडणं सुरूच होती. १८५२ चा मोठा खटला चार्ल्स जिंकला, पण त्याचा वकील होता डॅनियल वेबस्टर आणि फी होती १५ हजार डॉलर.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं रबराच्या वस्तू मांडल्या. खर्च अंगावर आला आणि तिथंही कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान त्याला मिळाला, तेव्हा तो कोठडीत होता.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

डनलॉपचा हवेचा टायर आला १८८८ मध्ये. आणि १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंगनं ओहायोतल्या ॲक्रन शहरात टायर कंपनी काढली, तिला चार्ल्सच्या स्मरणार्थ गुडइयर हे नाव दिलं. चार्ल्सच्या घरच्यांचा या कंपनीशी काहीच संबंध नव्हता.

आज टायरच्या रबरात गंधकासोबत कार्बन ब्लॅक, सिलिका, तेलं असं बरंच काही पडतं. मऊ कंपाउंड रस्ता घट्ट धरतं पण लवकर झिजतं, कडक कंपाउंड जास्त टिकतं. पोर्शेसारख्या गाडीचं वजन, वेग आणि ब्रेक यांना कोणतं मिश्रण जमेल हे चाचण्या घेऊन ठरवलं जातं आणि मग टायरवर ‘एन’ची खूण येते. म्हणूनच एका गाडीला खुणेचे आणि बिनखुणेचे टायर एकत्र लावू नका, असं पोर्शे सांगते.

प्रमाण थोडं बदललं की रबर बदलतं. आज हे प्रयोगशाळेत तपासलं जातं. चार्ल्स गुडइयरनं ते शोधलं स्वयंपाकघरात, उसनवारीच्या पैशांवर.